गावावरून हेलिकॉप्टर फिरलं म्हणजे युरेनियमची खाण येणार का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. पूर्व विदर्भातल्या तुमच्या गावावरून एक हेलिकॉप्टर खाली भलीमोठी कडी लोंबकळत ठेवून घिरट्या घालून गेलं. नंतर काही माणसं हातात यंत्रं घेऊन बांधाबांधाने हिंडली आणि आता नाल्यापलीकडच्या पडीक जमिनीत ड्रिलिंगची गाडी उभी आहे. गावात बोललं जातंय की युरेनियम सापडलंय, जमीन जाणार, कुठलीतरी खासगी कंपनी येणार आणि त्याचे बॉम्ब होणार. यातलं खरं काय, सरकारचं धोरण नेमकं काय आणि या युरेनियमचं करतात तरी काय, हे तुम्ही विचारलं आहे. माझी सगळी नोकरी अणुखनिजांच्या शोधात गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी सरळ उत्तर. ड्रिलिंग सुरू झालं म्हणजे खाण आलीच असं मुळीच नाही. बहुतेक ठिकाणी काही बोअर मारून झाल्यावर काम थांबतं, गाडी निघून जाते आणि अहवाल दप्तरात जातो. खरोखरचा साठा सापडला तरी शोध आणि खाण यांच्यात पंधरा-वीस वर्षं सहज जातात. झारखंडमधल्या जादुगुडाचं युरेनियम १९५१ साली सापडलं आणि ते काढण्यासाठी युरेनियम कॉर्पोरेशन ऑफ इंडिया ही सरकारी कंपनी स्थापन झाली १९६७ साली. आंध्रच्या कडप्पा जिल्ह्यातलं तुम्मलपल्ले ऐंशीच्या दशकापासून माहीत होतं, पण तिथल्या खाणीची पायाभरणी २००७ मध्ये झाली. मेघालयातल्या डोमियासियातचा साठा १९८४ मध्ये सापडला, तो आजही जमिनीतच आहे. पण एवढ्यावर निश्चिंत होऊन बसू नका. गावाने ज्या गोष्टी मागून घ्यायच्या असतात त्या मागण्याची वेळ हीच आहे. ती एकदा गेली की पुढे कितीही मोर्चे काढले तरी हाती येत नाही, असं मी ठिकठिकाणी पाहिलं आहे.

हेलिकॉप्टरखालची कडी हे विद्युतचुंबकीय सर्वेक्षणाचं साधन असतं. तिच्यातून विजेचे ठोके सोडतात आणि जमिनीखालच्या वीजवाहक थरांचा, म्हणजे ग्राफाइट, सल्फाइड खनिजं किंवा पाण्याने भरलेल्या भेगा यांचा प्रतिसाद टिपतात. सोबत चुंबकीय मोजणी होते आणि गॅमा किरणांचीही. यातली गॅमाची गोष्ट नीट समजून घ्या, कारण सगळ्या अफवा तिथून उठतात. युरेनियम स्वतः गॅमा किरण फारच क्षीण सोडतं. यंत्र मोजतं ते त्याच्या वंशावळीत बरंच खाली येणाऱ्या बिस्मथ-२१४ चे किरण. म्हणजे पणतू दिसला यावरून पणजोबा घरात असावेत असा तर्क करायचा. पणजोबा कधीच घर सोडून गेलेले असू शकतात, कारण युरेनियम पाण्यात विरघळून वाहून जातं आणि त्याची रेडियमसारखी संतती मागे राहते. उलटही होतं. शिवाय हे किरण येतात ते जमिनीच्या वरच्या जेमतेम अर्ध्या मीटरमधून. नकाशावर एखादा ठिपका लाल दिसला तर त्याचा अर्थ एवढाच की इथे जाऊन पाहायला हवं.

मग माणसं पायी येतात. त्यांच्या हातातलं यंत्र स्किंटिलोमीटर, म्हणजे गॅमा किरण मोजणारं. दगडांचे तुकडे, नाल्यातला गाळ, विहिरींचं पाणी, मातीत खड्डा करून रेडॉन वायूची मोजणी असं काम चालतं. विहिरीचं पाणी नेलं म्हणून काही लोक धास्तावतात. पण भूजलात युरेनियमचं प्रमाण कुठे वाढतं हे पाहून खनिजाच्या दिशेचा माग काढणं ही आमची जुनीच रीत आहे. त्या पाण्याचे आकडे गावाला मात्र क्वचितच कळवले जातात. हा मुद्दा लक्षात ठेवा, त्यावर पुढे येतोच.

तुमच्याच भागात का, हेही विचारलं आहे. महाराष्ट्राचा बराच मोठा भाग दख्खनच्या काळ्या बेसाल्टने झाकलेला आहे आणि बेसाल्टमध्ये युरेनियम नगण्य असतं, दहा लाख भागांत एक भागही नसतो. पृथ्वीच्या कवचाची सरासरीच दहा लाखांत सुमारे २.७ भाग आहे. पुणे, सातारा, औरंगाबादकडे कोणी युरेनियम शोधत बसत नाही त्याचं कारण हे. गोंदिया, भंडारा, गडचिरोली, चंद्रपूर या पट्ट्यात मात्र बेसाल्टच्या खालचे अतिप्राचीन खडक उघडे आहेत. ग्रॅनाइट, जुने ज्वालामुखी खडक आणि त्यांच्यातल्या भ्रंशरेषा तिथे दिसतात. याच खडकांच्या शेजारच्या छत्तीसगडमधल्या पट्ट्यात बोडल आणि भंडारीटोला इथे युरेनियम सापडलेलं आहे. म्हणून नागपूरला युरेनियम शोधणाऱ्या केंद्र सरकारच्या अणुखनिज संचालनालयाचं विभागीय कार्यालय आहे आणि म्हणून माणसं तुमच्याकडे फिरतात. देशात आतापर्यंत चार लाख टनांहून जास्त युरेनियम ऑक्साइडचे साठे नोंदले गेले आहेत. त्यातला सिंहाचा वाटा आंध्र-तेलंगणाच्या कडप्पा खोऱ्याचा, मग झारखंडचा. महाराष्ट्राचा वाटा काहीशे टनांचा, म्हणजे जवळपास नाहीच.

ड्रिलिंगच्या गाडीबद्दल एक खुलासा करतो. गाडीवर खासगी ठेकेदाराचं नाव पाहून तुम्ही खासगी कंपनी आली असं धरून चालला आहात. संचालनालयाकडे स्वतःच्या गाड्या आहेत, तरी बरंचसं ड्रिलिंग ते निविदा काढून ठेक्याने करून घेतं. ठेकेदाराला मीटरप्रमाणे पैसे मिळतात, खनिजावर त्याचा काडीचाही हक्क नसतो. हिऱ्याच्या दातांची पोकळ नळी फिरवत खाली नेतात आणि खडकाचा लांबच लांब दंडगोल बाहेर काढतात. त्याला कोअर म्हणतात. तो लाकडी किंवा पत्र्याच्या पेट्यांत क्रमाने मांडतात. मग बोअरमध्ये यंत्र सोडून खोलीनुसार गॅमाची नोंद घेतात. या कामाने किरणोत्सार पसरत नाही. धोका आहे तो वेगळा. बोअर दोन वेगवेगळे जलस्तर भेदून जात असेल आणि काम संपल्यावर तो सिमेंटने नीट बंद केला नाही, तर खालचं खराब पाणी वरच्या चांगल्या पाण्यात मिसळायला वाट मिळते. शेतातल्या विहिरीचं नुकसान व्हायचं असेल तर ते असं होईल. म्हणून गाडी हलण्याआधी बोअर बंद झाला का, हे गावातल्या दोन माणसांनी डोळ्यांनी पाहायला हवं.

आता धोरण. स्वातंत्र्यानंतर लगेचच, १९४८ मध्ये, पहिला अणुऊर्जा कायदा झाला. दुसऱ्याच वर्षी दाराशॉ नोशेरवान वाडिया यांच्या नेतृत्वाखाली दुर्मिळ खनिजांच्या सर्वेक्षणासाठी एक छोटं पथक उभं राहिलं. त्याचंच पुढे अणुखनिज संचालनालय झालं. १९६२ च्या कायद्याने पकड आणखी घट्ट केली. कुणालाही युरेनियम किंवा थोरियम सापडलं तर तीन महिन्यांच्या आत केंद्र सरकारला कळवणं बंधनकारक, खाणकामावर केंद्राचं नियंत्रण, गरज पडली तर खनिजाचे हक्क सक्तीने संपादन करण्याची तरतूद आणि माहिती उघड करण्यावर बंधन. सत्तर वर्षांचं धोरण एका ओळीत सांगायचं तर शोधायचं सरकारने, काढायचं सरकारने, वापरायचं सरकारने आणि बोलायचं कमीत कमी.

गेल्या काही वर्षांत यातल्या काही गाठी सुटल्या आहेत, पण कोणत्या सुटल्या आणि कोणत्या नाहीत याचा गोंधळ फार आहे. २०२३ मध्ये खाण आणि खनिज कायद्यात दुरुस्ती झाली तेव्हा अणुखनिजांच्या यादीतून लिथियम, बेरिलियम, टायटॅनियम, नायोबियम, टँटलम, झिर्कोनियम यांना बाहेर काढून खासगी क्षेत्राला वाट करून दिली. युरेनियम आणि थोरियम त्या यादीत तसेच ठेवले. २०२५ च्या अर्थसंकल्पात २०४७ पर्यंत १०० गिगावॅट अणुवीज असं उद्दिष्ट जाहीर झालं आणि डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने १९६२ च्या कायद्याची जागा घेणारा नवा कायदा मंजूर केला. त्याने अणुवीज केंद्रं उभारण्या-चालवण्याचं दार परवान्याच्या अटीवर खासगी कंपन्यांना उघडलं. युरेनियमचं समृद्धीकरण (त्यातला सहज फुटणारा भाग वाढवणं), वापरलेल्या इंधनाची पुनर्प्रक्रिया, जड पाणी (भट्टीत लागणारं खास पाणी) बनवणं ही कामं मात्र केंद्राने स्वतःकडेच ठेवली. तुमच्या गावापुरता याचा अर्थ असा की नाल्यापलीकडे जे चाललंय ते सरकारी पूर्वेक्षण, म्हणजे खाणीआधीचा शोध आहे, कुणा उद्योगपतीचं नव्हे.

जमिनीखालचं कोणाचं, हाही प्रश्न होता. सात-बाऱ्यावर तुमचं नाव आहे ते पृष्ठभागासाठी. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ प्रमाणे खनिजांवर राज्य शासनाचा हक्क आहे. पण पृष्ठभागावर तुमचा हक्क आहे याचाच अर्थ असा की गाडी शेतातून न्यायची तर तुम्हाला विचारावं लागतं आणि पिकाचं, बांधाचं नुकसान झालं तर भरपाई द्यावी लागते. ही मागणी तोंडी करू नका.

आता उपयोगाकडे येतो. याबद्दल लोकांच्या मनात एकतर बॉम्ब असतो किंवा अंधूक असं काहीतरी, म्हणून इथे थोडा जास्त वेळ घेतो.

निसर्गात मिळणाऱ्या युरेनियममध्ये सहज फुटणारं युरेनियम-२३५ फक्त ०.७ टक्के असतं. जगातल्या बहुतेक अणुभट्ट्यांना ते तीन ते पाच टक्क्यांपर्यंत वाढवलेलं लागतं. आपल्या स्वदेशी भट्ट्या जड पाण्यावर चालतात आणि त्यांना नैसर्गिक युरेनियम तसंच्या तसं चालतं. हा निर्णय विचारपूर्वक घेतलेला होता. समृद्धीकरणासाठी कुणाच्या दारात उभं राहायला लागू नये आणि देशातला साधा दगड इंधन म्हणून वापरता यावा, म्हणून. झारखंडमध्ये खनिज दळून, रसायनात विरघळवून पिवळी भुकटी बनते, ती हैदराबादच्या न्यूक्लियर फ्युएल कॉम्प्लेक्समध्ये जाते, तिथे तिच्या छोट्या गोळ्या होऊन नळ्यांत भरल्या जातात आणि तिथून त्या भट्टीत जातात.

यातला महाराष्ट्राचा धागा तारापूर. तिथल्या पहिल्या दोन भट्ट्या १९६९ पासूनच्या, अमेरिकी बनावटीच्या, समृद्ध युरेनियम लागणाऱ्या. १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर अमेरिकेने हात आखडता घेतला आणि तारापूरच्या इंधनासाठी भारताला कधी फ्रान्स, कधी रशिया असं फिरावं लागलं. तिथल्याच तिसऱ्या आणि चौथ्या भट्ट्या २००५-०६ मधल्या, ५४० मेगावॅटच्या, जड पाण्यावरच्या. २००८ मध्ये अणुपुरवठादार देशांच्या गटाने सूट दिली आणि भारताला बाहेरून युरेनियम मिळू लागलं. कझाकस्तान, रशिया, उझबेकिस्तान, पुढे कॅनडा. मात्र अट अशी की बाहेरचं इंधन वापरणारी भट्टी आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या तपासणीखाली असली पाहिजे. तारापूर ३ आणि ४, कैगा, कल्पाक्कम या भट्ट्या त्या तपासणीच्या बाहेर ठेवल्या आहेत. त्यांना देशातलंच युरेनियम लागतं. म्हणजे पालघर किनाऱ्यावरच्या तारापूर ३ आणि ४ ची वीज झारखंड आणि कडप्पाच्या जमिनीतून येते. बाहेर स्वस्त आणि कितीतरी उंची प्रतीचं युरेनियम मिळत असताना सरकार आपल्याकडचं हलकं खनिज का शोधत राहतं, याचं खरं उत्तर यात आहे. २००८ च्या आधी देशातल्या भट्ट्या इंधनाअभावी निम्म्याच क्षमतेने चालवाव्या लागल्या होत्या. ज्यांनी तो काळ खात्यात राहून पाहिला त्यांना देशी साठ्याची किंमत वेगळी समजावून सांगावी लागत नाही. मीही त्यांच्यातलाच.

बॉम्बबद्दल विचारलंत, तर तपासणीबाहेरच्या युरेनियमवर लष्करी वापराचं बंधन नाही हे खरं आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. अण्वस्त्राला एकतर ९० टक्क्यांच्या घरात समृद्ध केलेलं युरेनियम लागतं किंवा भट्टीत तयार होणारं प्लुटोनियम. अरिहंतसारख्या पाणबुडीच्या भट्टीलाही समृद्ध युरेनियम लागतं. पण त्यासाठी लागणारी मात्रा तुलनेने थोडी असते. ७०० मेगावॅटच्या एका स्वदेशी भट्टीला दर वर्षी साधारण शंभर टन युरेनियम लागतं आणि ते वर्षानुवर्षं. खाणी चालतात त्या विजेच्या भुकेवर. आणि तरीही, २०२५ साली देशाची अणुवीज क्षमता होती ८,८८० मेगावॅट, एकूण विजेतला वाटा जेमतेम तीन टक्के.

विजेपलीकडचे उपयोगही सांगतो, कारण ते आपल्या जवळचे आहेत. मुंबईतल्या ट्रॉम्बेची ध्रुव ही संशोधन भट्टी नैसर्गिक युरेनियमवर चालते आणि तिच्यातून रुग्णालयांसाठी किरणोत्सारी समस्थानिकं मिळतात. थायरॉइडच्या कर्करोगावर दिलं जाणारं आयोडीन-१३१ त्यातलंच. वीज देणाऱ्या भट्ट्यांमध्ये कोबाल्टच्या कांड्या ठेवून कोबाल्ट-६० तयार करतात. त्याच कोबाल्टवर लासलगावचं विकिरण केंद्र चालतं. तिथे कांद्याला मोड येऊ नयेत म्हणून विकिरण देतात आणि २००७ पासून आपला हापूस अमेरिकेत जाऊ शकला तोही तिथल्या प्रक्रियेमुळे. वाशीला मसाल्यांसाठी असंच केंद्र आहे. नाशिकच्या शेतकऱ्याला कधी कुणी हे सांगत नाही आणि मला वाटतं ते सांगायला हवं. अर्थात, या कामांसाठी लागणारं युरेनियम इतकं थोडं आहे की त्यांच्या नावाने नवी खाण मागणं प्रामाणिकपणाचं होणार नाही.

आता जी गोष्ट सरकारी पत्रकांत नीट येत नाही ती. आपल्या देशातलं युरेनियम फार हलक्या प्रतीचं आहे. कॅनडातल्या सिगार लेकसारख्या खाणीत खनिजात युरेनियम ऑक्साइड दहा टक्क्यांहून जास्त असतं. आपल्याकडे ०.०४ टक्के मिळालं तरी ते चालणारं मानतात. म्हणजे एक टन दगडात ४०० ग्रॅम आणि त्यातलंही सगळं हाती येत नाही. वर सांगितलेल्या शंभर टनांसाठी साडेतीन-चार लाख टन दगड दरवर्षी बाहेर काढून दळावा लागतो. आणि तो जवळपास सगळा, पिठासारखा बारीक होऊन, रसायनांसकट मागे राहतो. याला टेलिंग्ज म्हणतात. युरेनियम काढून घेतलं तरी मूळ खनिजातला साधारण ८५ टक्के किरणोत्सार या गाळातच राहतो, कारण थोरियम-२३० आणि रेडियम-२२६ तिथेच असतात. रेडियमचं अर्धायुष्य, म्हणजे ते निम्मं उरायला लागणारा काळ, १,६०० वर्षं, थोरियम-२३० चं ७५,००० वर्षं. खाण वीस-तीस वर्षं चालते. तलाव सांभाळायचा तो त्या मानाने कायमचा.

जादुगुडाला डिसेंबर २००६ मध्ये हा गाळ वाहून नेणारी नळी फुटली होती. त्या परिसरातल्या मुलांमधली जन्मजात व्यंगं आणि आजार यांबद्दल वर्षानुवर्षं वाद चालू आहे. काही डॉक्टरांच्या संघटनेने केलेल्या पाहणीत प्रमाण जास्त आढळलं, सरकारी तज्ज्ञ किरणोत्साराशी संबंध नाकारतात. मी या वादात एकच गोष्ट ठामपणे सांगू शकतो. खाण सुरू होण्यापूर्वी तिथल्या पाण्याची, मातीची, लोकांच्या आरोग्याची दोन्ही बाजूंना मान्य असलेली नोंद नाही, म्हणून तो वाद कधी मिटतच नाही. तुम्मलपल्लेलाही तेच झालं. तिथला खडक डोलोमाइट, तो आम्ल खाऊन टाकतो, म्हणून तिथे अल्कधर्मी द्रावणाने युरेनियम काढतात. आजूबाजूच्या गावांनी तक्रार केली की बोअरचं पाणी खारट झालं, केळीच्या बागा वाळल्या. कंपनीने संबंध नाकारला, प्रदूषण नियंत्रण मंडळाला लक्ष घालावं लागलं. शेतकऱ्याजवळ दहा वर्षांपूर्वीच्या आपल्या पाण्याचा एक कागद असता तर चर्चा कितीतरी वेगळ्या पातळीवर झाली असती.

ज्या गावांनी नाही म्हटलं त्यांच्याकडेही पाहा. डोमियासियात परिसर मेघालयात, जमीन खासी लोकांच्या परंपरागत मालकीची, राज्यघटनेच्या सहाव्या अनुसूचीचं संरक्षण. तिथे कुणी सहजासहजी जमीन दिली नाही, विद्यार्थी संघटना रस्त्यावर आली आणि खाण झाली नाही. तेलंगणात अमराबाद व्याघ्र प्रकल्पाच्या ८३ चौरस किलोमीटरमध्ये युरेनियमसाठी ड्रिलिंगचा प्रस्ताव होता, हजारो बोअरचा. वन सल्लागार समितीने मे २०१९ मध्ये तत्त्वतः मंजुरी दिली आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये राज्याच्या विधानसभेने त्याच भागातल्या नल्लमला जंगलात युरेनियमचं खाणकाम नको असा एकमुखी ठराव केला. आम्हा शोध घेणाऱ्यांपैकी पुष्कळजण या दोन्ही उदाहरणांकडे अडाणी विरोध म्हणून पाहतात. मला ते पटत नाही. लोकांना पहिली बातमी वर्तमानपत्रातून कळली की त्यांनी आणखी काय करायचं?

म्हणूनच ८ सप्टेंबर २०२५ चा पर्यावरण मंत्रालयाचा निर्णय मला चुकीचा वाटतो. त्या दिवशीच्या कार्यालयीन आदेशाने अणुखनिजांच्या आणि सामरिक खनिजांच्या खाण प्रकल्पांना जनसुनावणीतून सूट मिळाली. आता त्यांचं मूल्यमापन केंद्राच्या पातळीवर होतं. कारण दिलं गेलं राष्ट्रीय सुरक्षेचं. पूर्वेक्षणाला तर पर्यावरण मंजुरीच लागत नाही आणि २०२३ च्या वन कायद्यातल्या दुरुस्तीनंतर जंगलातल्या सर्वेक्षणाला सवलत देण्याची सोयही केंद्राकडे आहे. म्हणजे शोधाच्या वेळी गावाला विचारण्याचं बंधन कमी होतंच, खाणीच्या वेळी जी एक दिवसाची सुनावणी व्हायची तीही गेली. जनसुनावण्या कशा होतात हे मला ठाऊक आहे, त्यांत आरडाओरडा होतो, राजकारण होतं. पण गाळाचा तलाव कुठे असेल, वारा कुठून वाहतो, नाला कोणत्या विहिरीला पाणी देतो, हे त्या आरडाओरड्यातूनच नोंदीत यायचं. देशाला युरेनियम हवं आहे, मी ते शोधण्यात आयुष्य घालवलं आणि ते शोधलंच पाहिजे असं आजही मानतो. पण साठ्याचा आकडा आणि बोअरची खोली गुप्त ठेवण्यात सुरक्षेचा संबंध असू शकतो, विहिरीच्या पाण्याचा आकडा गुप्त ठेवण्यात तो कसा असेल? आणि ज्या जमिनीवर पिढ्यानपिढ्या देखरेख करायची आहे तिथल्या माणसांना आधीच पाठीमागे टाकून तो तलाव सांभाळणार कोण?

सुनावणी गेली तरी ग्रामसभा गेलेली नाही. गाव अनुसूचित क्षेत्रात असेल तर आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा लागू आहे आणि गावाकडे सामूहिक वनहक्क असतील तर वनजमीन वळवण्याच्या प्रश्नात ग्रामसभेचं मत महत्त्वाचं ठरतं. खनिज असलेल्या जमिनीबाबत या कायद्यांना मर्यादा आहेत, त्यामुळे केवळ ठरावाने खाण अडेल असं धरून चालू नका. पण तारखेसह लिहिलेला ठराव पुढे न्यायालयात उपयोगी पडतो.

आता हातात घेण्यासारखं काम. ड्रिलिंग चालू असतानाच गावातल्या सगळ्या पिण्याच्या विहिरी आणि हातपंप यांच्या पाण्याची युरेनियमसाठी तपासणी करून घ्या. भारतीय मानक ब्युरोने पिण्याच्या पाण्यात युरेनियमची मर्यादा लिटरला ०.०३ मिलिग्रॅम, म्हणजे ३० मायक्रोग्रॅम ठेवली आहे. साध्या प्रयोगशाळेत ही चाचणी होत नाही, त्यासाठी खास उपकरण लागतं. नागपूरला नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेसारख्या संस्थांकडे अशी उपकरणं आहेत. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात जाऊन तुमच्या भागातली निरीक्षण विहीर कोणती आणि तिच्या जुन्या नोंदी काय आहेत ते विचारा. सोबत क्षार, नायट्रेट, फ्लोराइडही मोजून घ्या, कारण पुढे वाद झाला तर खारटपणा आधीपासूनचा की नंतरचा हे त्यावरून ठरेल.

एक शक्यता आत्ताच सांगून ठेवतो. ग्रॅनाइटच्या भागात खाण नसतानाही पाण्यात युरेनियम मर्यादेपेक्षा जास्त निघू शकतं. पंजाब, राजस्थानच्या भूजलात ते जागोजागी आढळलं आहे आणि त्यातल्या बहुतेक ठिकाणी जवळपास युरेनियमची खाण नाही. तसं निघालं तर घाबरून ड्रिलिंगला दोष देऊ नका, पण पाणी पिणं थांबवा. पाण्यातल्या युरेनियमचा पहिला त्रास किरणोत्साराचा नसतो, मूत्रपिंडाला होतो. आरओ गाळणी ते बऱ्यापैकी काढते. त्या एका विहिरीऐवजी दुसऱ्या विहिरीचं पाणी वापरायचं की गाळणी बसवायची, हे मग ग्रामपंचायत ठरवू शकते.

संचालनालयाच्या नागपूर कार्यालयाला ग्रामपंचायतीच्या लेटरहेडवर पत्र लिहा आणि त्याची प्रत जिल्हाधिकारी आणि तहसीलदारांना द्या. पत्रात साठा किती, हे विचारूच नका. त्याचं उत्तर मिळणार नाही आणि बाकीच्या प्रश्नांनाही टाळाटाळ होईल. विचारायचं ते एवढंच: गावाच्या हद्दीत किती बोअर मारणार, त्यांची ठिकाणं कोणती, ड्रिलिंगला पाणी कुठून घेणार, निघणारा चिखल कुठे टाकणार, प्रत्येक बोअर सिमेंटने बंद केल्याचा दाखला ग्रामपंचायतीला कधी देणार आणि गावातून नेलेल्या पाण्याच्या नमुन्यांचे निकाल कधी कळवणार. क्षेत्रावरचे भूवैज्ञानिक बहुधा तरुण मुलं-मुली असतात, तंबूत किंवा भाड्याच्या खोलीत राहतात. त्यांना शाळेत बोलावून मुलांना कोअर दाखवायला सांगा. बहुतेकजण आनंदाने येतील. धोरण त्यांच्या हातात नाही, पण बोअर नीट बंद करणं त्यांच्या हातात आहे.

पाण्याचे पहिले नमुने मे महिन्यात घ्या, पातळी सर्वांत खाली असताना. दुसरे दिवाळीनंतर. दोन्ही वेळा तीच विहीर, तसाच डबा, तारीख आणि विहिरीच्या मालकाची सही. ड्रिलिंगची गाडी गेली आणि पुन्हा कोणी फिरकलं नाही तरी हे निदान तीन वर्षं चालू ठेवा.